ठाणे ते नेवाळी : जुन्या इंग्रजी मोटारसायकलींच्या वाटेने

बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तेव्हापासून आपल्या या पट्ट्यातला माणूस रेल्वेचाच झाला. ठाणे, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण ही गावे त्याला फलाटांच्या नंबरांनी माहीत असतात. दोन स्थानकांच्या मधला मुलूख त्याने पाहिलेला असतो तो डब्याच्या दारात लटकून, तोही धावता. हाच मुलूख रस्त्याने, सावकाश पाहायचा असेल तर जुन्या इंग्रजी मोटारसायकलीसारखी दुसरी सवारी नाही. ती घाई करत नाही आणि तुम्हालाही करू देत नाही.

आम्ही राबोडी आणि कौशातले चार मित्र. दोन जुन्या बुलेट आमच्यात आहेत. रविवारी फजरच्या नमाजनंतर रस्ते मोकळे असतात, तेवढ्यात एक फेरी मारून नाश्त्याला घरी परतायचे, एवढाच आमचा शौक. शौक हलाल असला तरी त्याला लगाम हवा, हे घरच्या मंडळींनी आम्हाला वेळोवेळी बजावले आहे. त्यामुळे गाड्यांवर होणारा खर्च आम्ही वहीत लिहून ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात कल्याणहून एका ओळखीच्या घराचा निरोप आला. घरातले कर्ते बुजुर्ग अल्लाहला प्यारे होऊन चार महिने झाले होते. त्यांची एक बीएसए मोटारसायकल पडवीत उभी होती. तिला गिऱ्हाईक आले होते आणि किंमत ऐकून घरातले सगळे चकित झाले होते. ‘विकायची की ठेवायची, तुम्ही एकदा येऊन पाहा,’ असे मोठ्या मुलाने कळवले. आमच्या फेरीला या वेळी कारण मिळाले.

बुलेट कोणाची?

निघण्याआधी आमच्या स्वतःच्या गाडीविषयी थोडे सांगायला हवे. कारण बुलेट इंग्रजी की हिंदुस्थानी, हा वाद आमच्यात चहाच्या प्रत्येक कपाबरोबर होतो.

रॉयल एनफील्ड ही कंपनी इंग्लंडमधल्या रेडिच गावची. तिची पहिली मोटारसायकल १९०१ साली निघाली आणि ‘बुलेट’ हे नाव १९३२ मध्ये आले. ‘तोफेसारखी घडवलेली’ ही तिची जाहिरात होती. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती. १९५०च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत लष्करासाठी ८०० बुलेटची मागणी गेली. मग १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. आधी इंग्लंडहून आलेले सुटे भाग इथे जोडले जात, पुढे सगळी गाडीच इथे बनू लागली. गंमत अशी की रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि १९७० पर्यंत इंग्लंडमध्ये ही कंपनीच उरली नाही. मद्रासमध्ये मात्र तीच गाडी, त्याच घडणीची, बनत राहिली. आई गेली आणि लेक सासरी नांदत राहिली, असे आमच्यातला एक जण म्हणतो.

तिच्या आवाजाचे लोकांना मोठे कौतुक असते. त्यामागे साधे कारण आहे. जुन्या बुलेटच्या ३४६ सीसी इंजिनात पिस्टन एकच. त्याची रुंदी ७० मिलिमीटर आणि वर-खाली जाण्याचे अंतर ९० मिलिमीटर. पिस्टनला लांबचा पल्ला गाठायचा असल्याने तो सावकाश चालतो, आणि दर दोन फेऱ्यांमागे एकच स्फोट होतो. म्हणून प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. आवाजासाठी सायलेन्सर काढून गल्लीतल्या आजारी माणसांची झोप मोडणाऱ्या पोरांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवे. मूळ सायलेन्सर असलेली जुनी बुलेट मोठ्याने ओरडत नाही, ती दमाने बोलते.

चालू करण्याचीही एक रीत आहे. चावी लावून किक हळूहळू दाबायची आणि ॲमीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचे. मग डीकॉम्प्रेशनचा छोटा लिव्हर ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, लिव्हर सोडायचा आणि एकदाच, पूर्ण किक मारायची. जोर कमी आणि अंदाज जास्त. घाईने मारली तर किक उलटी येऊन नडगी फोडते.

मुंब्रा : पाने आणि कान

कळव्याचा पूल ओलांडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागलो की उजवीकडे खाडीचा गारवा संपतो आणि पारसिकचा डोंगर जवळ येतो. डोंगराच्या पायथ्याशी मुंब्रा. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो कुटुंबे इथे आणि पुढे कौशाला येऊन राहिली. त्यांच्याबरोबर सामान फार आले नाही, पण हुनर आला. शिंपी आले, सुतार आले, लेथवर काम करणारे आले, मोटार मिस्त्री आले.

असेच एक मिस्त्री आमचे उस्ताद आहेत. त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे. लहानपणी कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये भांडी धुण्यापासून सुरुवात केली. पहिली दोन वर्षे उस्तादांनी पान्याला हात लावू दिला नाही, फक्त नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुवायला दिले. ‘पण धुता धुता प्रत्येक बोल्ट कुठला ते हाताला पाठ झाले,’ ते सांगतात. आम्ही त्यांना घेऊनच कल्याणला जाणार होतो.

निघताना त्यांनी एक मळकी, गुंडाळलेली कापडी पिशवी काखेत मारली. तिच्यात त्यांचे खास पाने आहेत. आज बाजारात मिळणारे पाने मिलिमीटरचे असतात. जुन्या इंग्रजी गाड्यांचे बोल्ट मात्र निराळ्या मापाचे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये बोल्टच्या आट्यांचे एक माप ठरवून दिले, ते इंग्लंडमध्ये शंभर वर्षांहून अधिक चालले. त्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर आजच्या मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. शिवाय त्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याची रुंदी दाखवत नाही, बोल्टच्या दांड्याची जाडी दाखवतो. हे माहीत नसलेला नवा मिस्त्री हाताला लागेल तो पाना घालतो, डोके गोल करून ठेवतो आणि मग छिन्नी-हातोडा काढतो. ‘गाडी जुनी म्हणून मरत नाही,’ मिस्त्री म्हणतात, ‘चुकीच्या पान्याने मरते.’

दुसरा हुनर कानाचा. टॅपेट सैल झाला की वेगळा आवाज, पिस्टन घासला की वेगळा, चेन लांबली की आणखी वेगळा. मिस्त्री एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतात, त्याचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतात. डॉक्टर छाती तपासतो तसे दोन मिनिटे ऐकतात आणि मग बोलतात. त्यांच्या दोन मुलांपैकी एकही या धंद्यात नाही. एक खाडीच्या देशात आहे, दुसरा मोबाईलच्या दुकानात. हलाल रोजी कमावतात, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. फक्त ती पिशवी पुढे कोणाला द्यायची, हे ठरत नाही.

शीळफाटा : हेल्मेटची गोष्ट

कौसा सोडून शीळफाट्याला आलो की सकाळी सातलासुद्धा कंटेनरची रांग असते. बुलेटवर मागे बसलेल्या मिस्त्रींना हेल्मेट आवडत नाही. टोपी असताना त्यावर आणखी काय, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा आम्ही त्यांना लॉरेन्सची गोष्ट सांगतो.

टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ज्याला जग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखते, तो पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरबांना उठवणारा इंग्रज अधिकारी. अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवली जात होती, त्याच वेळी इंग्लंड आणि फ्रान्स त्यांचा मुलूख आपसात वाटून घेण्याचा गुप्त करार करत होते. त्या करारातून निघालेल्या जखमा आजही भरलेल्या नाहीत. या लॉरेन्सला मोटारसायकलींचे वेड होते. ब्रफ सुपीरिअर ही त्या काळातली सगळ्यात महाग इंग्रजी मोटारसायकल, आणि त्याने एकामागून एक अशा सात बाळगल्या. १३ मे १९३५ रोजी सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना तो पडला आणि सहा दिवसांनी वारला. डोक्यावर हेल्मेट नव्हते, तेव्हा कोणी घालतच नसे.

त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांनी मोटारसायकलवर मरणाऱ्या फौजी निरोप्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातून ब्रिटिश लष्करात हेल्मेट सक्तीचे झाले आणि पुढे जगभर पसरले. आज आपल्या मुलाच्या डोक्यावर जे हेल्मेट असते, त्यामागे ही गोष्ट आहे. मिस्त्रींनी ती आमच्याकडून पाच-सहा वेळा ऐकली आहे. हेल्मेट ते घालतात, पण टोपी काढून खिशात ठेवताना एकदा आमच्याकडे पाहतात.

डोंबिवली : कारखाने कसे जातात

शीळफाट्यावरून डावीकडे कल्याण रस्ता. काटई नाका, मानपाडा, दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि मधूनच एमआयडीसीची धुराडी. डोंबिवलीच्या या पट्ट्यात कंपनी बंद पडणे म्हणजे काय, हे घरोघरी ठाऊक आहे. म्हणून इथून जाताना आमचे बोलणे हमखास इंग्लंडच्या कारखान्यांवर येते.

१९५०च्या दशकात बीएसए ही जगातली सगळ्यात मोठी मोटारसायकल कंपनी होती. बीएसए म्हणजे ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’. १८६१ मध्ये बंदुका बनवायला निघालेली ही कंपनी पुढे सायकली आणि मोटारसायकलींकडे वळली. ट्रायम्फ, नॉर्टन, मॅचलेस, एरिअल अशी आणखी मोठी नावे होती. वीस वर्षांत हे सगळे कोसळले. १९६९ मध्ये जपानच्या होंडाने चार सिलिंडरची ७५० सीसी गाडी आणली. ती बटण दाबून चालू व्हायची, तिला पुढे डिस्क ब्रेक होता आणि ती तेल गळत नव्हती. इंग्रजी गाड्यांच्या इंजिनाचे दोन भाग उभ्या जोडाने जुळवलेले असत, त्यामुळे खालून तेल झिरपणे नेहमीचेच. गाडीखाली तेलाचा थेंब दिसला नाही तर आतले तेल संपले समजावे, असा मिस्त्री लोकांत विनोद आहे. मालकांनी नव्या यंत्रांवर पैसा घातला नाही, जुन्या नावावर भरवसा ठेवला. बीएसए १९७३ मध्ये संपली.

ट्रायम्फच्या मेरिडन कारखान्यातल्या कामगारांनी मात्र तो बंद होऊ दिला नाही. १९७३ मध्ये त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला, १९७५ मध्ये सहकारी संस्था काढली आणि १९८३ पर्यंत स्वतः गाड्या बनवल्या. मालक नव्हता, भांडवल अपुरे होते, पण हात तेच होते. ही आठ वर्षे आम्हाला त्या गाड्यांच्या शर्यतींतल्या विक्रमांपेक्षा मोठी वाटतात.

आणि आज? रॉयल एनफील्ड १९९४ पासून आयशरकडे आहे. बीएसएचे नाव २०१६ मध्ये महिंद्रा समूहाकडे आले. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली. ट्रायम्फच्या लहान गाड्या २०२३ पासून पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात. ज्या साहेबाच्या गाड्या आपले आजोबा दुरून पाहत, त्या गाड्यांची नावे आता आपल्या माणसांच्या हातून चालतात.

कल्याण : पडवीतली बीएसए

पत्री पूल आला की कल्याण आले. शंभरी ओलांडलेला जुना पूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा २०२१ मध्ये खुला झाला. तोवर इथल्या कोंडीने लोकांच्या सब्राची जी परीक्षा घेतली, ती कल्याणकर विसरलेले नाहीत. पुढे बाजारातून दूधनाक्याच्या बाजूला वळलो. जुन्या घराच्या पडवीत, गोधडीखाली, ती उभी होती.

बीएसए एम-२०. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी या मॉडेलच्या सव्वा लाखाहून अधिक गाड्या बनल्या. ४९६ सीसीचे एकच सिलिंडर, पुढे स्प्रिंगवर झुलणारा लोखंडी सांगाडा, मागे शॉक ॲब्सॉर्बर नाहीच. कंबर वाचवायला सीटखाली दोन स्प्रिंगा. वेगाची गाडी नाही. निरोप पोहोचवायचा, लष्करी ट्रकांच्या रांगेबरोबर चालायचे आणि चिखलात बंद पडायचे नाही, एवढेच तिचे काम.

ती कल्याणात कशी आली, याचे नवल वाटायला नको. त्याच युद्धात कल्याणच्या शेजारी मोठी लष्करी छावणी वसली होती, कल्याण कॅम्प. सहा हजार सैनिक आणि आणखी तीस हजार माणसे राहतील एवढी तिची सोय होती. युद्ध संपल्यावर लष्कराचे बरेच सामान डिस्पोजलमध्ये विकले गेले. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या जागेचे नाव उल्हासनगर झाले. या घरातल्या बुजुर्गांनी ही गाडी साठच्या दशकात एका निवृत्त फौजीकडून घेतली, असे घरात सांगतात. तिच्यावर ते दुर्गाडीचा पूल ओलांडून रोज भिवंडीला यंत्रमागाच्या कारखान्यात जात. ईदला दोन मुले टाकीवर आणि दोन मागे अशी सगळी चिल्लीपिल्ली तिच्यावर बसत. आज तसे बसवू नये, पण तेव्हाचे रस्तेही निराळे होते.

मिस्त्रींनी गोधडी काढली, बिस्मिल्ला म्हणून टाकीवर हात फिरवला आणि खाली बसले. इंजिन आणि चासीचे नंबर आरसी बुकाशी जुळवले. जुळले. प्लग काढून पिस्टन हलतो का पाहिले. हलला. घरातल्या खाला आतून चहा पाठवत होत्या आणि दाराच्या पडद्याआडून विचारत होत्या, ‘चालेल का हो, भाई?’

‘चालेल आपा,’ मिस्त्री म्हणाले. ‘हिला बॅटरीची गरज नाही. मॅग्नेटो आहे, किक मारली की स्वतःची वीज स्वतः करते. पण दोन महिने द्या.’

आता विकण्याचा प्रश्न. मोठा मुलगा म्हणाला, ‘अब्बांची आठवण आहे, आम्ही दोघे भाऊ ठेवून घेऊ.’ धाकट्याने मान हलवली. तेव्हा खाला बाहेर आल्या. ‘फ्लॅटचा हिशोब केलात, बँकेचा केलात. याच्यात तुमच्या दोन बहिणींचा हक्क नाही का? काल भंगार होती तेव्हा कोणी विचारले नाही. आज गिऱ्हाईक आले तर ती फक्त मुलांची कशी झाली?’

पडवीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. खरे तर त्यांनी शरियतचीच गोष्ट सांगितली होती. माणूस मागे जे ठेवून जातो ते सगळे तरका. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत असल्यास तिची अंमलबजावणी, आणि उरलेले वारसांचे. त्यात घर येते, सोने येते, तशी पडवीतली गाडीही येते. भावनेने ती कोणा एकाची होत नाही. तुकडे करून वाटताही येत नाही, म्हणून किंमत ठरवावी लागते.

हिशोब कसा बसतो ते वाचकांच्या सोयीसाठी मांडतो. समजा गाडीची किंमत २,४०,००० रुपये ठरली, कर्ज आणि वसियत नाही, आणि मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत. पत्नीचा आठवा हिस्सा ३०,००० रुपये. उरले २,१०,०००. मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात त्याचे सहा भाग होतात, प्रत्येक भाग ३५,००० रुपयांचा. म्हणजे प्रत्येक मुलाला ७०,००० आणि प्रत्येक मुलीला ३५,०००. भावांना गाडी ठेवायची असेल तर त्यांनी आईला आणि बहिणींना त्यांचे पैसे द्यावेत. बहिणीने खुशीने सोडले तर गोष्ट वेगळी. पण ती खुशी तिची असली पाहिजे, तिच्यावर लादलेली नव्हे. आमच्या समाजात बहिणीच्या गप्प बसण्यालाच रजामंदी समजण्याची खोड आहे. ती याच साध्या आकड्यांपुढे उघडी पडते.

किंमत मात्र गिऱ्हाइकाने सांगितलेली धरू नये. दोन जाणत्या माणसांकडून स्वतंत्र अंदाज घ्यावा, असे आम्ही सुचवले. शिवाय कागदपत्रे. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. या घरात ती मुदत टळली होती, म्हणून हे काम आधी उरकायचे ठरले.

व्हिंटेजचा नियमही समजून घ्यावा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात असलेल्या दुचाकी आणि चारचाकींसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती दहा वर्षे चालते, नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मिस्त्रींना हे ऐकवले तर ते म्हणाले, ‘मग दुरुस्तीला माझ्याकडे आठवड्याला आणा. उभी गाडी माणसासारखी अखडते.’

नेवाळी : धावपट्टीच्या कडेने

दोन महिन्यांचे तीन झाले. मॅग्नेटोची कॉइल नव्याने गुंडाळून घ्यावी लागली, कार्बोरेटरच्या पितळी सुया कुर्ल्याच्या जुन्या बाजारात शोधाव्या लागल्या, एक बुश मुंब्र्यात लेथवर बनवून घेतला. मग एका रविवारी बीएसए पुढे आणि आमच्या बुलेट मागे अशी वरात कल्याण पूर्वेतून मलंगच्या रस्त्याने निघाली.

समोर मलंगगडाचा सुळका आणि वाटेत नेवाळी. इथे ब्रिटिश सरकारने युद्धाच्या काळात विमानांसाठी धावपट्टी केली. त्यासाठी आजूबाजूच्या गावांची शेते घेतली. युद्ध संपले, विमाने गेली, जमीन मात्र शेतकऱ्यांना परत मिळाली नाही. जून २०१७ मध्ये याच जमिनीवरून इथे मोठे आंदोलन पेटले होते. इंग्रजी यंत्रांचे कौतुक करताना आम्ही हे ठिकाण डोळ्यांआड करत नाही. ज्या युद्धाने ती बीएसए आपल्याकडे आणली, त्यानेच ही शेते नेली. यंत्राचा त्यात दोष नाही. पण हक्काची गोष्ट कल्याणच्या पडवीत जशी निघाली तशी ती इथेही निघते, आणि ऐंशी वर्षांनीही जुनी होत नाही.

नेवाळी नाक्यावर चहाला थांबलो. भावांनी बहिणींचे आणि आईचे पैसे दिले होते. एका बहिणीने तिच्या वाट्यातून उमराहसाठी रक्कम बाजूला काढली, दुसरीने मुलाच्या फीसाठी. हा मुलगा, म्हणजे मरहूमांचा नातू, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकतो आहे. तीन महिने दर रविवारी तो मिस्त्रींच्या शेजारी बसून नट-बोल्ट रॉकेलमध्ये धूत होता. त्या दिवशी गाडी त्यानेच चालू केली. पेट्रोलचा नळ उघडला, कार्बोरेटरचे बटण दाबून पेट्रोल ओसंडू दिले, हँडलवरच्या लिव्हरने स्पार्क मागे घेतला आणि एकच किक. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. मुलाने मूठ कानाला लावली, ऐकले आणि म्हणाला, ‘उस्ताद, टॅपेट जरा सैल आहे.’

मिस्त्रींनी स्वतः ऐकले नाही. कापडी पिशवी सोडली आणि बरोबर मापाचा पाना त्याच्यापुढे ठेवला. पुढच्या रविवारी आमच्या बुलेटचा गिअरबॉक्स उघडायचा आहे. त्या मुलालाही बोलावले आहे, आणि येताना एक वही आणायला सांगितले आहे. ‘माझे सगळे डोक्यात आहे,’ मिस्त्री म्हणाले, ‘ते आता कुठेतरी लिहून ठेवायला हवे.’